मुंबई–दिल्ली ११३८ किलोमीटर, मग सव्वादोन तास का? विमानाचं अंतर आणि वेळ काढायची रीत

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर ११३८ किलोमीटर. एअरबस ए-३२० जातीचं विमान वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटरने उडतं. भागाकार केला तर १ तास २२ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, आणि विमान सुटताना वैमानिक सांगतो की उड्डाणाचा वेळ १ तास ४५ मिनिटं. गंमत म्हणजे तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच. कुठला आकडा कशासाठी वापरायचा हे कळलं की प्रवास ठरवताना होणाऱ्या निम्म्या चुका टळतात.

आधी विमानतळ नक्की करा

शहराचं नाव पुरत नाही. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो आणि तिकिटावर तोच खरा. मुंबईचा जुना, सहार-सांताक्रूझचा विमानतळ म्हणजे बी-ओ-एम. नवी मुंबईचा एन-एम-आय. पुण्याचा लोहगाव पी-एन-क्यू, नागपूरचा एन-ए-जी, कोल्हापूरचा के-एल-एच, दिल्लीचा डी-ई-एल. गोव्यात तर दोन आहेत: दाबोळी म्हणजे जी-ओ-आय आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा म्हणजे जी-ओ-एक्स. नकाशावर ही दोन ठिकाणं शेजारी दिसतात, पण मोपा पेडण्याच्या बाजूला, दाबोळी वास्कोजवळ, आणि मधे रस्त्याने पन्नासहून जास्त किलोमीटर. सावंतवाडीच्या माणसाला मोपा दारात आहे, मडगावच्या माणसाला नाही. हवाई अंतरात या फरकाने काहीच बिघडत नाही. टॅक्सीच्या बिलात आणि घरी पोहोचायच्या वेळेत बिघडतं. लंडनचंही तसंच. हीथ्रो एल-एच-आर शहराच्या पश्चिमेला, गॅटविक एल-जी-डब्ल्यू दक्षिणेला.

अंतर हातानेही काढता येतं

ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की अंतर मिळतं. गूगल मॅप्सवरही संगणकावर उजवी टिचकी मारून अंतर मोजायची सोय आहे. पण एकदा हाताने काढून पाहावं, कारण मग कुठलाही चुकीचा आकडा लगेच डोळ्यांत खुपतो. वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरे, मोबाइल आडवा धरला की येतो तोसुद्धा.

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांतला सर्वांत जवळचा मार्ग हा गोलाच्या पृष्ठभागावरचा कमानीसारखा रस्ता असतो. त्याला बृहद्वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात. तो काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई: १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. दिल्ली: २८.५६६५ उत्तर, ७७.१०३१ पूर्व. मग पायऱ्या अशा:

१. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर आहे ना ते पाहा. रेडियनवर असेल तर पुढचं सगळं निरर्थक.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. ०.३२७० गुणिले ०.४७८२, म्हणजे ०.१५६४.

३. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. फरक ४.२३५२ अंश. ०.९४५० गुणिले ०.८७८३ गुणिले ०.९९७३, म्हणजे ०.८२७७.

४. दोन्हींची बेरीज ०.९८४१. तिचा व्यस्त कोसाइन काढा. उत्तर १०.२४ अंशांच्या आसपास. मधले आकडे इथे चारच दशांश दाखवले आहेत. प्रत्यक्षात कॅल्क्युलेटरच्या स्मृतीतले पूर्ण आकडे वापरा, कारण शेवटच्या पायरीवर दशांशाची छोटी काटछाटही काही किलोमीटरांनी वाढून पुढे येते.

५. अंशाला ६० ने गुणा. आले सागरी मैल: ६१४. त्याला १.८५२ ने गुणा. आले किलोमीटर: ११३७. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली तर ११३८ येतात.

साठने का गुणायचं? कारण सागरी मैल हे माप मुळात तसंच बेतलेलं आहे: पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेल्या एका अंशाचे साठ मिनिटं, आणि एका मिनिटाला एक सागरी मैल. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष आजही याच मैलात बोलतात, आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल. रस्त्यावरचा इंग्रजी मैल वेगळा, १.६०९ किलोमीटरचा. विमान कंपन्यांच्या 'माइल्स' योजना सहसा हा दुसरा मैल वापरतात. मुंबई–दिल्ली त्या हिशेबाने ७०७ मैल. कुणी ६१४ म्हणालं आणि कुणी ७०७, तर भांडू नका, मैल विचारा.

दुसऱ्या पद्धतीची, हॅवरसाइनची सूत्रंही पुष्कळ ठिकाणी दिसतात. ती जवळच्या ठिकाणांसाठी जास्त बिनचूक असतात. पण पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६३५७. त्यामुळे गोल मानून केलेल्या कुठल्याही हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. प्रवाशाला याने काही फरक पडत नाही.

इथे गणित हमखास फसतं

पहिली चूक अंश-मिनिटांची. विमानतळाचे अक्षांश पुष्कळदा २८°३४′ असे लिहिलेले असतात. ते २८.३४ नव्हेत. ३४ मिनिटं म्हणजे ३४ भागिले ६०, म्हणून २८.५६७. जो २८.३४ टाकतो तो दिल्लीचा विमानतळ २५ किलोमीटर दक्षिणेला, हरियाणात नेऊन ठेवतो.

दुसरी चूक याहून मजेदार. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. उणे विसरलात तर हाच बिंदू थेट किर्गिझस्तानात पडतो, आणि मुंबईपासूनचं अंतर साडेबारा हजार किलोमीटरांऐवजी चोवीसशे येतं. हे उत्तर पाहूनच हसू येतं म्हणून बरं. लंडनच्या बाबतीत हसू येत नाही, कारण हीथ्रोचा रेखांश उणे ०.४५ आहे, चिन्ह विसरलं तरी फरक किरकोळ पडतो आणि चूक लपून राहते.

तिसरी चूक भिंतीवरच्या नकाशाची. सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. खरा जवळचा मार्ग अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन, आइसलँड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. घरी पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, लगेच दिसेल. विमानात समोरच्या पडद्यावर वाकडी कमान पाहून 'हा एवढा वळसा का घेतोय' असं वाटतं, तेव्हा तो बहुधा वळसा नसतो.

कागदावरचं अंतर आणि प्रत्यक्ष रस्ता

विमान बृहद्वृत्तावरून तंतोतंत जात नाही. उड्डाणानंतर ठरलेल्या निर्गमन मार्गाने बाहेर पडायचं, मधे हवाई मार्गांच्या बिंदूंवरून जायचं, उतरताना ठरलेल्या आगमन मार्गाने रांगेत लागायचं. मुंबईत बहुतेक दिवस पश्चिमेकडून वारा असतो, म्हणून विमान समुद्राकडे तोंड करून उडतं आणि समुद्रावर गेल्यावरच दिल्लीकडे वळतं. सुरुवातीचे काही किलोमीटर असे उलट दिशेलाच जातात.

त्यात लष्करी हवाई क्षेत्रं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं होतं की भारताच्या आकाशाचा फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने मिळतो. तेव्हापासून मार्ग सरळ करण्याचं काम चालू आहे. तरी देशांतर्गत हिशेबात हवाई अंतरावर ५ टक्के वाढवून धरणं शहाणपणाचं. मुंबई–दिल्ली मग ११९५ किलोमीटर.

आंतरराष्ट्रीय मार्गांवर टक्क्यांचा हा नियम चालत नाही, कारण तिथे प्रश्न राजकारणाचा असतो. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ पाकिस्तानने आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी पुन्हा बंद झालं. अशा बंदीत दिल्लीहून लंडनला जाणारं भारतीय विमान आधी गुजरातच्या दिशेला खाली येतं आणि मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळतं. त्याच मार्गावरच्या परदेशी कंपनीच्या विमानाला ही बंदी लागू नसते. म्हणून एकाच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांचा वेळ वेगळा दिसला तर तो छपाईचा दोष समजू नका. हेलसिंकी–टोकियोचं उदाहरण तर अभ्यासक्रमात घालावं असं आहे: फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. विमानतळ जागेवरच, अंतरही तेच.

सव्वादोन तास कुठे जातात

आता मूळ प्रश्न. तिकिटावरचा वेळ म्हणजे 'ब्लॉक टाइम'. पूर्वी चाकांखाली लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, म्हणून हे नाव. गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या गेटवर थांबलं की बंद. वैमानिक जो वेळ सांगतो तो चाकं जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा. ए-३२० चा एक साधारण मुंबई–दिल्ली फेरा असा:

पुशबॅक म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकलणं आणि इंजिनं सुरू करणं, ६ मिनिटं. टॅक्सी, म्हणजे विमानाने जमिनीवरून धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, आणि धावपट्टीच्या तोंडाशी रांग, १३ मिनिटं. चढाई, २१ मिनिटं. तेवढ्यात २२० किलोमीटर होतात. मग सपाट उड्डाण: उरलेले ७४५ किलोमीटर ८३० च्या वेगाने, ५४ मिनिटं. उतरण आणि धावपट्टीपर्यंतची रांग, ३० मिनिटं, २३० किलोमीटर. शेवटी टॅक्सी करून गेटपर्यंत ९ मिनिटं.

बेरीज १३३ मिनिटं, म्हणजे २ तास १३ मिनिटं. यातली चढाई, सपाट उड्डाण आणि उतरण एवढीच घेतलीत की १०५ मिनिटं, वैमानिकाचे १ तास ४५. पूर्ण वेगाने विमान फक्त ५४ मिनिटं उडलं, एकूण वेळाच्या निम्म्याहून कमी.

उतरण एवढी लांब का हे प्रवाशांना कोडं वाटतं. वैमानिकांचा साधा आडाखा आहे: हजार फुटांमधल्या उंचीची तिप्पट केली की किती सागरी मैल आधी उतरायला लागायचं ते कळतं. ३५ हजार फुटांवर असाल तर १०५ मैल, म्हणजे १९५ किलोमीटर. खिडकीशी बसलात तर हा क्षण ओळखता येतो. इंजिनाचा घोष एकदम मऊ पडतो, नाक किंचित झुकल्यासारखं वाटतं, आणि दोन मिनिटांनी कान दडपतात. तिथून गेटपर्यंत सुमारे चाळीस मिनिटं धरा. दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटरपर्यंत आणावा लागतो. शेवटचा टप्पा म्हणूनच रेंगाळतो.

आणि टॅक्सीचा आकडा कधीच पक्का नसतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, पण कुठल्या पट्टीवर उतरलात आणि कुठल्या टर्मिनलला जायचंय त्यावर ५ मिनिटं लागतील की २०, ते ठरतं. वर गर्दी असली तर विमानाला घिरट्या घालायला लावतात. अशा एका अंडाकृती घिरटीला साधारण चार मिनिटं. तीन घिरट्या म्हणजे बारा मिनिटं गेली.

झटपट अंदाजाचं सूत्र

दर वेळी असं तुकड्यांत मोजायला कुणाला वेळ आहे? साध्या जेट विमानासाठी किलोमीटरांना ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. ८३० ऐवजी ८०० घेतल्याने वळशाचा हिशेब त्यातच होतो, आणि टॅक्सी, संथ चढाई, संथ उतरण त्या ४० मिनिटांत बसतात.

मुंबई–नागपूर ६८२ किलोमीटर: ५१ अधिक ४०, दीड तास. पुणे–दिल्ली ११५६: ८७ अधिक ४०, २ तास ७ मिनिटं. मुंबई–दुबई १९२६: १४४ अधिक ४०, ३ तास ४ मिनिटं. वेळापत्रकाशी ताडून पाहा, पाच-पंधरा मिनिटांत जुळेल. कंपन्या गर्दीच्या विमानतळांसाठी आणखी थोडी भर घालतात, कारण ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांत पोहोचलं तरच विमान 'वेळेवर' मोजलं जातं. अधूनमधून विमान वीस मिनिटं 'लवकर' पोहोचतं ते या भरीमुळे. वैमानिकाने जोरात हाकलं म्हणून नव्हे.

पंख्याच्या एटीआर विमानाला हे सूत्र लावू नका. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. तिथे ४८० ने भागा आणि ३० मिळवा, कारण ते फार उंच चढत नाही. मुंबई–कोल्हापूर ३०९ किलोमीटर असं काढलं तर १ तास ९ मिनिटं येतात. बोइंग ७७७ किंवा ७८७ सारख्या लांब पल्ल्याच्या विमानाला ८६० ने भागा, ४५ मिळवा. विमानाची जात तिकीट काढतानाच बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

दीडशे किलोमीटरांखाली मात्र कुठलंच सूत्र धरू नका. मुंबई–पुणे हवाई अंतर १२४ किलोमीटर; विमान वर चढतं न चढतं तोच खाली यायला लागतं. विमानतळावर जायचा-यायचा वेळ धरला तर द्रुतगती मार्गावरची बस आधी स्वारगेटला पोहोचते.

जाताना एक वेळ, येताना दुसरा

मुंबई–कोलकाता १६६५ किलोमीटर. जाताना आणि येताना अंतर तेच, वेळ वेगळा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. समजा वारा ताशी ११० किलोमीटरचा आहे. जाताना विमान हवेत ८३० नेच उडतं, पण जमिनीच्या हिशेबात ९४०, येताना ७२०. सपाट उड्डाणाचे १३०० किलोमीटर जाताना ८३ मिनिटांत, येताना १०८ मिनिटांत. पंचवीस मिनिटांचा फरक फक्त वाऱ्याचा.

इथे एक हमखास गैरसमज: 'जाताना वाचतं ते येताना जातं, सरासरी सारखीच.' तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही बाजूंना ९४ मिनिटं, एकूण १८८. वाऱ्यात ८३ अधिक १०८, एकूण १९१. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून थोडा मोठा.

पावसाळ्यात चित्र पालटतं. जून ते सप्टेंबर द्वीपकल्पावर उंचीवरचा वारा पूर्वेकडून येतो, आणि कोलकात्याच्या फेऱ्यांतला हा फरक आटतो, कधी किंचित उलटाही होतो. म्हणून डिसेंबरात पाहिलेला वेळ जुलैसाठी वापरू नका. कंपन्यांची वेळापत्रकंही वर्षातून दोनदा बदलतात: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून.

वाऱ्याची ताकद बघायची तर एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं गेलं. रस्ता सुमारे १४०० किलोमीटरने लांबला, १५,३०० च्या घरात गेला. वेळ मात्र कमी झाला, साडेचौदा तासांच्या आसपास आला, कारण पाठीवर वारा होता.

घड्याळाचा गोंधळ

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. वजाबाकी करायच्या आधी दोन्ही भारतीय वेळेत आणा. मुंबईहून सकाळी १०:०० ला सुटून दुबईला ११:४५ ला पोहोचणारं विमान पावणेदोन तासांचं नाही. दुबई आपल्याहून दीड तास मागे, म्हणजे आपल्याकडे तेव्हा १३:१५ वाजलेले. प्रवास सव्वातीन तासांचा.

लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. पण दोघे एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत: ब्रिटन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काळात, म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा, लंडनला विमान बदलून न्यूयॉर्कला जाणाऱ्याचं मनातलं गणित एका तासाने चुकतं. नेपाळ आपल्यापुढे फक्त पंधरा मिनिटं आहे, तेही लक्षात असू द्या.

सगळ्यांत महागडी चूक मात्र मध्यरात्रीची. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' लिहिलंय याचा अर्थ १४ तारखेला रात्री जेवून घरातून निघायचं. १५ ला दिवसभर बॅगा भरून रात्री विमानतळावर येणारे लोक दर आठवड्याला दिसतात, आणि त्यांचं विमान तोवर परत यायच्या वाटेवर असतं. तिकीट हातात येताच कॅलेंडरवर सुटायची नव्हे, घरातून निघायची तारीख लिहा. पोहोचण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर दुसऱ्या दिवशी पोहोचणार. हॉटेलचं बुकिंग त्या हिशेबाने.

वेळ कुठे वाढेल

ब्लॉक टाइमच्या दोन्ही टोकांना आपला वेळ जोडायचा असतो. देशांतर्गत बहुतेक कंपन्यांचा सामानाचा काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे '१०:०० चं विमान' प्रत्यक्षात ०९:०० चं आहे. मुंबईत एक पाऊल पुढे: सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ यांच्यात रस्त्याने जावं लागतं. वेगवेगळी तिकिटं काढून विमान बदलत असाल तर सामान घेणं, गाडी, पुन्हा सुरक्षा तपासणी धरून किमान साडेतीन-चार तासांची फट ठेवा. उतरायचं नवी मुंबईत आणि पुढचं विमान सहारहून असेल तर चार तासही घाईचेच.

दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं. इतर वेळी सकाळचं पहिलं विमान सगळ्यांत भरवशाचं, कारण ते रात्रभर तिथेच उभं असतं. एरवी एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं, मधे जेमतेम अर्धा तास थांबतं, आणि सकाळी साचलेला उशीर संध्याकाळपर्यंत फुगत जातो. धुक्याच्या दिवसांत हा नियम उलटा: दिल्लीसाठी दुपारचं विमान घ्या.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग फार कमी जणांना माहीत असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत प्रवाशाचा हक्क याच आकड्यावर ठरतो. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर खाण्यापिण्याची सोय मागता येते. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांनंतर, त्याहून लांब असेल तर चार. कंपनीच्या चुकीने आणि वेळेत न कळवता विमान रद्द झालं तर भरपाईची कमाल मर्यादा एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५००० रुपये, एक ते दोन तासांना ७५००, दोन तासांवर १०,०००. मूळ भाडं आणि इंधन अधिभार याहून कमी असेल तर तेवढंच. धुकं, वादळ, बंद आकाश यांत भरपाई मिळत नाही. मुंबई–दिल्लीचा प्रवासी वैमानिकाचे पावणेदोन तास डोक्यात ठेवून ७५०० च्या गटात स्वतःला टाकतो. तिकिटावरचे सव्वादोन तास धरले तर तो वरच्या गटात बसतो.

शेवटची पायरी फुकट आहे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या सात दिवसांत ते खरोखर कधी सुटलं, कधी टेकलं ते पाहा. टेकण्याच्या सातही वेळा चढत्या क्रमाने लिहा आणि चौथी घ्या. सगळ्यांत चांगली घेऊ नका. न्यायला येणाऱ्याला हीच वेळ कळवा, आणि बॅग पट्ट्यावरून यायची असेल तर तीत पंचवीस मिनिटं मिळवून.